काळा थेंब

माया झोरे सात वर्षांची झाली, तरी तिला एकदाही सर्दी झाली नव्हती. जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी तिला काचघरात ठेवलं. तेव्हापासून गाळलेली हवा, उकळलेलं अन्न आणि काचेपलीकडे आई. लसही टोचली नाही. अशा मुलांना ती सोसत नाही, असा नियम होता.

कारण काय, तर एक थेंब. राज्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या रक्ताची ‘उजेड-चाचणी’ होई. रक्तातल्या पहारेकरी पेशींच्या अंगावर एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो, दाराला कडी असते तसा. जंतू आल्याची खबर पेशीला त्याच्यातूनच मिळते. प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, नेमकं या कडीत अडकतं आणि त्याला चिकटवलेला रंग चमकतो. थेंब उजळला, तर बाळ घरी. नाही उजळला, तर ते ‘विझलेलं’, रोगाशी लढू न शकणारं. त्याची रवानगी काचघरात.

मायाची आई पारू सह्याद्रीतल्या धनगरवाड्यावर राहायची. मागच्या भेटीत ती लेकीला चपला देऊन, “फुडच्या खेपेला तुला घिऊनच जानार,” असं सांगून गेली होती. आज ती घोंगडी घेऊन आली आणि थेट डॉ. वैजयंती टिल्लूंपुढे हात पसरून उभी राहिली. चाचणी टिल्लूंनीच बनवलेली.

“माझं रगात तपासा.”

“तुमचं कशाला?”

“सात वर्सं ऐकतीया, लेकीत खोट हाय. ती आली कुठनं, बघू की.”

कटकट मिटावी म्हणून टिल्लूंनी थेंब घेतला. तो काळाच राहिला. दुसरा घेतला, तोही काळाच.

“म्हंजी मीबी विझल्याली? मेंढरांत वाढले, कंदी आजारी न्हाई पडले. मग मी जित्ती कशी?”

टिल्लूंनी मायलेकींच्या पेशींची जनुकं तपासून घेतली. कडी दोघींच्याही पेशींवर होती, अगदी शाबूत. त्या डोंगरातल्या काही घराण्यांत तिचं टोक किंचित वेगळं होतं आणि नेमकं तिथेच प्रतिपिंड अडकत नव्हतं.

“हे आदी कुनाला कळलं न्हाई?”

“प्रतिपिंडाची नवी बाटली आली की आम्ही आमच्याच रक्तावर तपासतो,” टिल्लू हळूच म्हणाल्या. “सकाळी, चहाच्या आधी. अकरा जण आहोत. दर वेळी अकराही थेंब उजळायचे.”

अकरा जण, एकाच शहरातले, त्यांतले चार तर एकाच सोसायटीतले! माणूस कसा असतो ते त्यांनी चहाआधी ठरवून टाकलं. डोंगर चढून बारावा थेंब आणायचे कष्ट सात वर्षांत एकालाही घ्यावेसे वाटले नाहीत.

“मग दार उघडा.”

“नाही उघडता येणार. पहारेकरी पेशी जंतूंशी झुंजूनच शिकतात. मायाच्या पेशींना आम्ही काही शिकूच दिलं नाही. साधा खोकलासुद्धा तिच्या जिवावर बेतेल. तेव्हा आमची चाचणी चुकली होती. आता...”

“आता बरूबर आली!” पारू कडाडली. “माझी धडधाकट लेक न्हेली, आन् कागदावर लिवलं तशी करून ठिवली.”



काचेपलीकडे माया दाराशी येऊन उभी होती. निर्जंतुक करून दिलेल्या चपला तिने पायांत घातल्या होत्या, उजवी डाव्या पायात आणि डावी उजव्या.

“आई, आज ना?” स्पीकरमधून आवाज आला.

पारूने टिल्लूंचं मनगट धरलं आणि त्यांना काचेपाशी ओढत नेलं.

“सांगा तिला. तुमच्या तोंडानं सांगा.”