काचेवरचे ठिपके

धप्प!

विमानतळाच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. एक उंच तरुण काचेच्या भिंतीवर सरळ जाऊन आदळला होता.

रांगेतली एक तरुणी डोळ्यांची डॉक्टर होती. ती बॅग तिथंच टाकून धावली.

"माझ्याकडे बघा. किती बोटं?"

"दोन... आणि अंगठी एकातही नाही."

"नजर ठीक आहे. जरा जास्तच ठीक आहे!"

तिनं गार पाण्याची बाटली त्याच्या कपाळाला टेकवली. छतातून ऊन झिरपत होतं. काचेपलीकडची विमानं तर हात लावावा इतकी जवळ. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"लाजता कशाला? कुठल्या शहाण्यानं ही भिंत उभारलीय कोण जाणे. काच आहे हे कळायला ठिपका नाही, पट्टी नाही!"

"दृश्य बिघडतं ना..." तो पुटपुटला.

"आणि नाक बिघडलेलं चालतं? माझे बाबा मला सोडायला आले नि इथेच आपटले. चष्मा फुटला, लोक हसले. तेव्हापासून त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. म्हणतात, म्हातारा झालो, दिसत नाही. मी स्वतः तपासलं, डोळे ठणठणीत आहेत. पण पोरीचं ऐकतंय कोण?"

त्यानं काचेकडे पाहिलं.

"पुढच्या सोमवारी मी इथेच असेन," ती हसली. "टेंगूळ दाखवायला या. फी एक कॉफी."

त्यानं नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं.

"तो शहाणा... मीच," तो म्हणाला. "मी इथला आर्किटेक्ट. काचेवर ठिपके होते. उद्घाटनाचे फोटो छान यावेत म्हणून मीच खरवडून काढले."

बाटली कपाळावरून दूर झाली.

"बाबांना फोन लावता?"

तिनं फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काका, ती काचेची भिंत माझी. आत्ता मीही तिच्यावर आपटलो. तुमचे डोळे चांगले आहेत. लाज मला वाटायला हवी, तुम्हाला नाही."

पलीकडून बाबांचा आवाज आला.

"लागलं का जोरात?"

"टेंगूळ आलंय, काका."

"बरं झालं!"

आणि मग... हसू. बाबांचं ते हसू तिनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. तरी फोन घेऊन ती निघाली, मागे न बघता.

सोमवारी बाबा तिला सोडायला आले. काचेवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग होती. बाबांनी बोटानं टकटक केलं.

"वाकडे आहेत रे."

"मीच चिकटवलेत, काका." बाजूला कॉफीचे तीन कप घेऊन तो उभा होता. मान खाली.

बाबांनी एक कप उचलला. "मी तिकडे विमानं बघत बसतो. स्पष्ट दिसतात मला."

ती त्याच्यासमोर आली. "वर बघा. मला डोळे तपासायचेत."

"तुमच्याकडे बघायला... तोंड नाही मला."

"बघा म्हणते ना."

त्यानं नजर उचलली.

"किती बोटं?" तिनं विचारलं.

बोटं वर करायची मात्र ती विसरली होती.