रुपणातून आणलेली नळी

आम्ही मोहिमेवर निघालो, ते खाडीतला चिखल आणायला! हसू नका. वरच्या अंगाला एक कारखाना होता, कधीच बंद पडला. त्याचं शिसं खाडीत उतरलंय अशी आवई उठली आणि मिरकरवाड्याच्या बाजारात आमच्या तिसऱ्यांना, म्हणजे गाळातल्या शिंपल्यांना, कुणी हात लावेना; वाडीतल्या बायकाही खाडीत उतरेनात. आमच्या वाडीतल्या तुळसावैनीची चूल त्या तिसऱ्यांवर पेटते. खरंखोटं गाळच सांगणार होता. म्हणून होडी माझी, जागा दाखवायला तुळसावैनी आणि गाळाचा अभ्यास करणारी कॉलेजातली वेदिका.

"महिपतकाका, गाळाचे थर असतात," ती म्हणाली. "खाली जुना, वर नवा. तिसऱ्या वरच्यात राहतात. नळी उभीच आणायची. थर मिसळले तर खालचं शिसं वर दिसेल आणि तुमची जागा फुकट बंद होईल."

ओहोटी लागली होती. खारफुटीच्या मुळांतून पाणी सावकाश ओसरत होतं, खेकडे बिळाबाहेर डोकावत होते. वेदिका कमरेभर पाण्यात उतरली. लांब प्लॅस्टिकची नळी तिने गाळात दाबली, बुचं लावून उपसली आणि वर दिली. तुळसावैनीने ती पदराने पुसली आणि बाळाला निजवावं तशी होडीत आडवी ठेवली! होडीत उभं काही ठेवायचं नाही, कलंडतं, ही आमची जन्माची शिस्त.

"काकी, आडवी?"

वैनीचा चेहरा पडला. "अगो बाय! माझ्याच हातानं माती केली गो मी!"

"पाणी उतरतंय, होडी अडकेल, मागं फिरूया," मी म्हणालो.

"दुसरी नळी आहे ना," म्हणत वेदिका पुन्हा उतरली. वैनीला एका शब्दाने बोलली नाही. पोरगी काडीसारखी, पण काय धीर!

आता पाणी घोट्याएवढंच होतं. नळी गेली. नळी निघाली. आणि वेदिकाचा पाय रुतला! गुडघा... मांडी... कंबर! रुपण होतं ते, माणूस गिळणारा चिखल. त्यात रुतलेली म्हैस भरतीत बुडताना मी पाहिलीय.

"नळी सोड! हात दे!"

"आधी नळी!" दोन्ही हातांनी तिने ती डोक्यावर उभी धरली होती.

"खड्ड्यात गेलं तुझं शिसं!" माझा पारा चढला.

तुळसावैनीने मात्र होडीच्या तळच्या सुट्या फळ्या उपसल्या, चिखलावर टाकल्या आणि पालथी पडून सरपटत गेली. नळी घेतली, माझ्या हाती दिली. "म्हाप्या, आडवी केलीस तर याद राख!" मग वेदिकाला म्हणाली, "पाय झाडू नको. फळीवर छाती टाक."

नळी मांडीत धरून मी दोर फेकला. वेदिकाने कमरेला बांधला. ओढलं! पुन्हा ओढलं! चिखलाने चपला ठेवून घेतल्या, पोरगी सोडली.

निकाल आला. शिसं होतं, पण खोल गाडलेलं. वरचा थर साफ, तपासलेल्या तिसऱ्याही साफ. तिथं खोल खणायचं नाही, एवढंच. पण वाडीतल्या बायकांचा कागदावर विश्वास बसेना. तेव्हा वेदिका तुळसावैनीच्या पडवीत बसली आणि सगळ्यांदेखत तिसऱ्यांचं कालवण ओरपू लागली.

"कसं झालंय गो?" वैनीने पुढं वाकून विचारलं.

"मीठ कमी आहे, काकी."

बायका खो खो हसल्या. पुढच्या ओहोटीला सगळ्याजणी टोपल्या घेऊन खाडीत होत्या!