वेचून ने रे

या, अगदी जवळ सरकून बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. देवाचं नाव घेऊन एक गोष्ट सांगतो. ऐकलीत तर ती तुमच्याजवळ राहील, आणि मला तेवढंच हवं आहे.

आमच्या सोतेर्न गावात शरदात सिरों नदीवरून सकाळी धुकं चढतं, दुपारी ऊन पडतं, आणि द्राक्षांवर राखाडी बुरशी धरते. दुसऱ्या गावचे लोक बुरशी दिसली की कपाळाला हात लावतात. आम्ही तिच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. तिच्या स्पर्शानं मणी सुरकुततो, पाणी उडून जातं, मागे उरतो तो नुसता मध. आमची गोड वाइन त्याचीच. म्हणून आम्ही सबंध घड तोडत नाही. बुरशीनं पिकवलेला मणी तेवढा कात्रीनं वेचायचा, हिरवा राहू द्यायचा, आणि पुढच्या धुक्यानंतर त्याच ओळीत पुन्हा यायचं.

आमचे फादर प्रवचन बोलत नसत, गात. दर तोडणीआधीच्या रविवारी विषय ठरलेला: मळ्याच्या धन्याला घाई नाही, तो घड ओरबाडत नाही, मणी मणी वेचून नेतो. पालुपद माझी बायको सिदोनी उचलायची. तिचे डोळे राखी-हिरवे, उजव्यात एक तपकिरी ठिपका. ‘वेचून ने रे, वेचून ने’ म्हणताना ती ते मिटून घ्यायची आणि सगळ्या चर्चच्या अंगावर काटा उभा राहायचा.

त्या वर्षी पहिल्याच तोडणीला सिदोनीच्या बोटावर राखाडी लव दिसली. तिनं ती पुसली. दुपारी पुन्हा आली.

“अगं बाई, हिला तर धरली!” आमची मुकादमीण ओर्तांसमावशी ओरडली. “बाझील, बायको पिकली हो तुझी! यंदाचं साल गोड जाणार!”

“पिकायला इतकी वर्षं लागली, आंबटच होते मुळात,” सिदोनी म्हणाली. बोट माझ्या नाकाशी धरलं. “जर्दाळूचा वास येतोय, बघा तरी.”

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. ज्या बुरशीची जन्मभर वाट पाहिली, तिला भ्यायचं कसं, हे आम्हांला कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी फादरांनी सूर दिला आणि पालुपदाच्या जागी शांतता पडली. सिदोनी हसऱ्या चेहऱ्यानं इकडेतिकडे पाहत होती. तिला ती ओळ आठवत नव्हती. विसरलेल्या माणसाची जी धडपड होते, तीही नव्हती. ओळ तेवढी नेमकी काढून घेतली होती. शेजारच्या शब्दाला धक्का नव्हता.

दुसऱ्या धुक्यानंतर आमच्या गेलेल्या लेकीचं नाव गेलं. मी तिला थडग्यापाशी नेलं, तर दगडावरून हात फिरवत म्हणाली, “कुणाची हो ही? बिचारी.”

लांगोंहून डॉक्टर आणला. “जरा वाळल्यात, बाकी उत्तम,” म्हणाला. मी तिचे हात व्हिनेगरनं चोळले, ब्रँडीनं धुतले. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळी धुकं दाराखालून येऊन तिच्या पायांशी बसलेलं असे. ती हलकी होत गेली, त्वचेला बारीक चुण्या पडल्या, उशीला मधाचा वास येऊ लागला.

आणि स्वभाव! ही बाई माझ्याशी तव्यावरच्या दाण्यासारखी तडतडायची. आता एक शब्द वाकडा नाही.

“भांड ना गं माझ्याशी,” मी एकदा हात जोडून म्हटलं.

“कशाला हो?” ती म्हणाली.

“किती गोड झालीय!” मावशी म्हणाली. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला. “शेवटच्या तोडणीला हिला आणू नकोस, बाझील.”

मी नेणारच नव्हतो. पण त्या सकाळी ती एप्रन बांधून दारात उभी होती. धरायला गेलो, तिच्या अंगात जोर काहीच नव्हता, तरी ती थांबत नव्हती. शेवटी तिच्या एप्रनची नाडी मी माझ्या मनगटाला बांधली आणि बरोबर चालू लागलो.

ओळीत शिरलो. धुक्यात माझाच हात मला दिसेना. बाकीच्या बायका अजून टेकडीखाली होत्या. त्यांचं बोलणं लांबून येत होतं.

जवळच कात्री वाजली.

तिची कात्री माझ्या खिशात होती.

“कोण आहे?”

आवाज थांबला. मग पुन्हा आला, आणखी जवळून. कापणाऱ्याला घाई नव्हती.

“सिदोनी, माझं नाव सांग.”

“तुमचं?” ती गोड हसली.

कात्री वाजली.

नाडी सैल पडली.

ऊन आलं तेव्हा ओळीत मी एकटा होतो. नाडी तिरकी कापलेली होती, शेजारच्या मण्याला धक्का न लावता आम्ही कापतो तशी. टोकाशी एक दाट, सोनेरी थेंब होता. तो माझ्या बोटावर पडला.

खूप शोधलं. नदीसुद्धा शोधली.

फादरांनी ते प्रवचन पुन्हा गायलं नाही. यंदा धुकं उत्तम पडलंय. गावात म्हणतात, बाझील म्हातारपणी किती गोड झाला. परवा मृतांच्या प्रार्थनेला फादरांनी विचारलं, कुणासाठी? मी उभा राहिलो, पण नाव काही आठवेना. आज जाग आली तेव्हा तिचं सगळं पुन्हा जागच्या जागी होतं, म्हणून घाईनं तुम्हांला बोलावलं.

तिचं नाव मी मघाशी घेतलं होतं, हो ना? डोळ्यांचंही काही सांगितलं होतं.

ते मला परत सांगू नका. माझ्याजवळ टिकायचं नाही. तुमच्याजवळच असू द्या. तिची आठवण ठेवा.