गिरजाबाईचा अंगठा

गडचिरोलीच्या कोर्टासमोरून नूतन खोब्रागडे वकीलबाईंची व्हॅन सकाळी निघाली, की मागच्या सीटवरच्या प्रिंटरला मिठी मारून बसायचं, हे इसरू मडावीचं पहिलं काम. इसरू बावन्न वर्षांचा. उमेदीची काही वर्षं सिरोंच्याला आणि पुढची सगळी गडचिरोलीला, कोर्टाच्या आवारात टायपिंग करण्यात गेलेली. बोटं वाऱ्यासारखी चालायची, पण जीव चिमणीएवढा. रस्त्यात रानडुक्कर आडवं गेलं तरी हा डोळे मिटून घ्यायचा. वकीलबाई हसायच्या आणि म्हणायच्या, "इसरूभाऊ, मेलं तं डुक्कर मरन, तुमी काऊन मरता?"

बाई फिरत्या नोटरी होत्या. ज्याला खाटेवरून उठवत नाही, ज्याला तालुक्याची वाट झेपत नाही, त्यानं फोन करायचा. बाई शिक्का, रजिस्टर आणि इसरूला घेऊन त्याच्या दारात हजर. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, प्रतिज्ञापत्र, जे हवं ते खाटेशेजारी बसून व्हायचं. नोटरी म्हणजे शिक्का हाणून मोकळा होणारा माणूस, अशी आपली समजूत असते. बाईंचं तसं नव्हतं. घरातल्या सगळ्यांना त्या आधी बाहेर काढायच्या. मुलगा असो, जावई असो, सरपंच असो, बाहेर. आत फक्त टाइप करायला इसरू. मग म्हाताऱ्या माणसाचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "आता तुमच्या वावराच्या चारही बाजू सांगा." सातबाऱ्यावरचा गट नंबर कोणीही पाठ करून घेईल, पण आपल्या जमिनीच्या उगवतीला काय आणि मावळतीला काय, हे ज्यानं तिथे चिखल तुडवला त्यालाच तोंडानं सांगता येतं, असा त्यांचा अनुभव. तोंडातून जे निघेल तेच कागदावर. या एका गोष्टीसाठी इसरू त्यांच्यावर जीव ओवाळून टाकायचा. पगार तर दुसरीकडेही मिळाला असता.

त्या दिवशीचा फोन मिथुन नावाच्या माणसाचा होता. धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाला लागून गाव. काकू गिरजाबाई हिला लकवा मारला होता, बोलणं बंद झालं होतं, आणि घर आणि तीन एकर धानाचं वावर तिला मृत्युपत्र करून या पुतण्याच्या नावे करायचं होतं. "मुंडी हालवते जी," मिथुन म्हणाला होता, "समजते तिले सारं."

मे महिना, तेंदूपत्त्याचे दिवस. दुपारी दोनला ते पोचले तेव्हा गावात चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव पुडे घेऊन पानं मोजून विकत घेतात त्या जागी, फळीवर गेलेलं. दारं ओढलेली, कुत्री सावलीत निपचित. मिथुननं मोठ्या आदबीनं पाणी दिलं. साक्षीदार म्हणून त्याचे दोन दोस्त ओसरीवर तयारच बसले होते. मजकूरही त्यानं कोणाकडून तरी लिहवून आणला होता. घ्या आणि छापा.

"घरात आणखी कोन हाये?" बाईंनी विचारलं.

"कोनी नाई. पोरगा होता, मेला. सून हाये, सीता... थे माहेरी गेली."

आतल्या खोलीत खाटेवर एक म्हातारी पडली होती. पदर कपाळाखाली ओढलेला, डोळे छपराला लागलेले. आधारकार्डावरचा फोटो कोणाही म्हातारीचा वाटावा इतका पुसट. बाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं.

"पण मॅडम, थे बोलत नाई तं..."

"नाई बोलली तं मी इशाऱ्यानं विचारीन. तुमी बाहेर बसा."

दार लागलं. इसरूनं लॅपटॉप मांडीवर घेतला. मातीच्या भिंतींची ती खोली तशी थंड होती. धानाच्या कोंड्याचा आणि शेणसारवणाचा ओळखीचा वास. बाई खाटेजवळ टेकल्या, म्हातारीचा डावा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, मी नोटरी. तुमचं वावर कुठी हाये, ते मले कसं समजन? हो-नाई तरी करा."

म्हातारी गप्प. बाहेर कुठेतरी होला घुमत होता, तो थांबला.

आणि इसरूच्या नाकाला वास आला. फिनाईलचा. आधी पुसट, मग दवाखान्याच्या वॉर्डात पाय टाकावा तसा घसा धरणारा. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात मडकं, दोरीवर दोन लुगडी, बाकी काही नाही.

"उगवतीले..." म्हातारी म्हणाली.

तिचे ओठ जेमतेम हलत होते. आवाज मात्र स्पष्ट होता, आणि तो त्या वाळक्या गळ्यातून आल्यासारखा वाटत नव्हता. भिंतीपलीकडून कोणी बोलावं तसा, थोडा उशिरानं पोचत होता.

"उगवतीले बापूरावच्या धानाच्या बांध्या. त्यायनं धुरा हातभर इकडे सरकवला, थेही लिवा. मावळतीले पान्याची बोडी. खालच्या आंगाले जंगलखात्याचा दगड. वरच्या आंगाले मोहाचं झाड... त्या मोहाच्या बुडाशी माया पोराले ठेवलं हाये. लिवून राह्यले का जी?"

इसरूची बोटं आपोआप चालत होती. त्याच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला, तो गार होता.

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता, हे त्यानं पाहिलं. पण हात त्यांनी सोडला नाही. "लिवून राह्यलो, बाई," त्या म्हणाल्या. "आता हे सारं कोनाले द्याचं, तेवढं सांगा. मिथुनले?"

"नाई." खाट करकरली. "सीताले. माया सुनेले. मिथुनले काडीबी नाई. थ्यानं तं मी अजून मेलीबी नाई, अन्... लवकर करा जी. इथी हवा पुरत नाई..."

त्यानंतर खोलीत फक्त श्वास ऐकू येत होता. ओढून घेतलेला, मध्येच अडणारा, आणि दर श्वासामागे एक बारीक फुस्स. म्हातारीची छाती मात्र अगदी संथ वरखाली होत होती. तो श्वास तिचा नव्हता. इसरूला उठून पळावंसं वाटलं; त्यानं छपाईची कळ दाबली.

मृत्युपत्र प्रिंटरमधून बाहेर आलं. बाईंनी ते अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं, आवाज एकदाही न कापता. पुढे आयुष्यभर इसरू हेच सांगायचा: मी थरथरत होतो, बाई वाचत होत्या. मग त्यांनी दोन्ही साक्षीदारांना आत बोलावलं. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला आतला मजकूर माहीत असावा लागत नाही. अंगठा देताना त्यानं पाहावं, एवढंच. अंगठ्याला शाई लावताना बाई एकदम थांबल्या. म्हातारीच्या मनगटावर चिकटपट्टीचा पांढरा चौकोन होता आणि त्यातून रक्ताचा ताजा थेंब फुटत होता. मघाशी हाच हात त्यांनी हातात धरला होता. तेव्हा तिथे काही नव्हतं.

कागदावर अंगठा, रजिस्टरमध्ये अंगठा, साक्षीदारांच्या सह्या, शिक्का. वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं.

साक्षीदार बाहेर गेले आणि वास ओसरला. म्हातारी दचकून उठून बसली. लकव्याची म्हातारी, सरळ उठून बसली. मनगट कोरडं होतं, पट्टी नव्हती, रक्त नव्हतं. तिनं दोघांकडे पाहिलं आणि घोगऱ्या, अगदी वेगळ्या आवाजात विचारलं,

"अय्या... अयिपोयिंदा?"

सिरोंच्याला काढलेल्या वर्षांमुळे इसरूला तेलुगू समजत होतं. झालं का, असं ती विचारत होती. त्यानं तिच्याशी तेलुगूत दोन शब्द बोलून पाहिले आणि ती जे म्हणाली ते बाईंना सांगितलं. म्हातारीचं नाव पोचम्मा. सिरोंच्याच्या पलीकडल्या एका वस्तीतली. निराधार पेन्शन मिळवून देतो, फक्त झोपून राहा, तोंड उघडू नको, असं सांगून मिथुननं तिला आणलं होतं. मराठीचा एक शब्द तिला येत नव्हता. आणि आताच्या अर्ध्या तासातलं तिला काहीही आठवत नव्हतं; डोळा लागला होता, म्हणाली.

बाई कागद घेऊन ओसरीवर आल्या आणि मिथुननं तो त्यांच्या हातातच वाचला. त्याचा जबडा उघडाच राहिला. "हे... हे तिनं सांगतलं? तिले तं मराठी..." आणि तो तिथेच थांबला. पुढचं वाक्य पुरं करायचं, तर स्वतःची लबाडी स्वतःच्या तोंडानं सांगावी लागली असती.

बाई त्याच्या अगदी जवळ गेल्या. आवाज चढवला नाही. "गिरजाबाई कुठी हाये?"

मिथुन भिंतीला टेकला. "दवाखान्यात," तो म्हणाला. "गडचिरोलीले. चार दिवस झाले... सुद नाई तिले."

परतीच्या वाटेवर व्हॅनच्या मागच्या सीटवर पोचम्मा शांत झोपली होती. तिला त्या घरात सोडायला बाई तयार नव्हत्या. इसरू प्रिंटर सोडून देवाचं नाव धरून बसला होता.

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर गिरजाबाई होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मनगटावर सलाईनची पट्टी, दर श्वासामागे बारीक फुस्स. शेजारी स्टुलावर तिची सून, सीता, तिशीची, चार दिवसांच्या जागरणानं काळवंडलेली. ओल्या फडक्यानं ती सासूचा डावा हात पुसत होती.

"काय पुसून राह्यली बाई?" नूतनबाईंनी विचारलं.

"पाहा नं जी, मॅडम. तीन वाजेपासून पुसून राह्यली. मी क्षणभरबी उठली नाई इथून, कोनी आलं नाई, गेलं नाई..." सीतानं तो हात वर धरला. "आंगठ्याले शाई कुठून लागली?"

अंगठा जांभळ्या शाईनं माखलेला होता. ओला.

इसरू दाराकडे पळाला. वकीलबाई पळाल्या नाहीत. त्या खाटेवर वाकल्या, त्यांनी तो शाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "गिरजाबाई, लिवून झालं. बापूरावच्या धुऱ्यासकट. सीताच्या नावानं झालं. आता काळजी नाई." गिरजाबाईचे डोळे उघडले नाहीत. पण श्वासाची ती ओढाताण हळूहळू कमी झाली, आणि दिवस मावळायच्या सुमारास श्वासच थांबला.

दुसरी कोणी नोटरी असती तर गप्प बसली असती, किंवा कागद फाडून मोकळी झाली असती. बाईंनी तसं केलं नाही. जे घडलं ते तारखेवेळेसह, पोचम्मासकट, लिहून काढलं आणि मृत्युपत्राला जोडून तहसीलदारांपुढे ठेवलं. त्यात आपला परवाना जाऊ शकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोक वेडी म्हणतील हेही. पण आपल्या शिक्क्याखाली अर्धं खरं राहू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तहसीलदारांनी ते टिपण दोनदा वाचलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग अंगठा तपासायला तज्ज्ञाकडे गेला. गिरजाबाईच्या जुन्या खरेदीखतावरच्या अंगठ्याशी तो रेषेला रेषा जुळला. मिथुन हरकत घ्यायला फिरकला नाही. सातबाऱ्यावर सीताचं नाव चढलं आणि पावसाळ्यात धानाच्या पहिल्या रोवण्याला तिनं बाईंना मुद्दाम बोलावून नेलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण श्रावणात सिरोंच्याहून निरोप आला. पोचम्माला दोन महिने रेशन मिळालं नव्हतं. मशीन तिचा अंगठाच घेत नव्हतं.

बाई आणि इसरू गेले. दुकानदारानं त्यांच्यासमोर तिचा अंगठा चारदा लावून पाहिला. चारही वेळा लाल दिवा. वयानं रेषा झिजतात, दुकानदार म्हणाला. बाईंनी तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला. रेषा कुठेच झिजलेल्या नव्हत्या.

मग त्यांनी सोबत आणलेली गिरजाबाईची फाईल उघडली आणि तिच्या रेशनकार्डाचा नंबर दुकानदाराला सांगितला. नाव अजून कमी झालेलं नव्हतं. "धान्य काढू नका," त्या म्हणाल्या. "फक्त आंगठा पाहाचा हाये."

"बाई, नका..." इसरू म्हणाला.

पोचम्मानं अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर गिरजाबाईचं नाव आलं.

म्हातारीनं अंगठा उचलला नाही. मान मात्र हळूहळू वळवून तिनं नूतनबाईंकडे पाहिलं, आणि भिंतीपलीकडून आल्यासारखा, थोडा उशिरानं पोचणारा तो आवाज म्हणाला,

"वकीलबाई... सीतानं रोवना केला का जी यंदा?"

इसरूनं दाराची चौकट धरली. बाईंनी फाईल मिटली. पदर सारखा केला, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, "केला, बाई. साऱ्या बांध्या हिरव्या झाल्या."

म्हातारीनं समाधानानं मान हलवली. मग डोळे मिचकावले, इकडेतिकडे पाहिलं, आणि आपली रिकामी पिशवी पुढे करून तेलुगूत दुकानदाराला विचारू लागली, माझे तांदूळ कधी देणार?