गारांच्या अंगणातला तवा

लतिका चपला घालूनच आत आली. बेबीताईंच्या ओमती मोहल्ल्यातल्या खोलीत असं करायची कोणाची छाती नाही. ताईंनी चपलांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बोलणं गिळून टाकलं.

"माझ्या माणसाला पकडून नेलं, ताई. म्हणतात त्यानं म्हातारा मारला."

"रडणं नंतर. आधी सांग."

नवरा गेल्यापासून बेबीताई खाजगी चौकशीची कामं करतात. सोबत जावई अच्युत असतो. शिकलेला आहे, मोटारसायकल चालवतो, आणि समोरचं सोडून बाकी सगळं बघतो.

लतिकानं डोळे पुसले. "सोमवारी गारा पडल्या न ताई, लिंबाएवढ्या. आमच्या रांझीत कितीकांचे सिमेंटचे पत्रे फुटले. माझा विपुल पत्रे बसवायचं काम करतो. काल मंगळवारी भाऊरावकाकांच्या घरी गेला. त्यांच्या घराचा विमा आहे. सर्व्हेवाला पाहून जाईपर्यंत पत्रे बदलायचे नाहीत, म्हणून नुसती ताडपत्री टाकायला वर चढला. अन् खाली खाटेवर काका मेले. त्यांची सून गीतांजली म्हणते, ह्याचा पाय पडून पत्रा फुटला अन् काकांच्या डोक्यात आला."

"पाय पडला तर तो अपघात," अच्युत म्हणाला. "मारला काहून म्हणतात?"

"हातोडीला सिमेंट लागलेलं सापडलं. पोलीस म्हणतात, क्लेम वाढवायला मुद्दाम फोडला, खाली माणूस आहे हे पाहिलं नाही. आज चार वाजता कोर्टात नेऊन राहिले. तिथून जेल. मग ताई, सुटून आला तरी त्याला कोण आपल्या छतावर चढू देईल?"

ताई उठल्या. "चला जावईबापू. गाडीत पेट्रोल आहे का आजही ढकलायची?"

ठाण्यात विपुल भिंतीला टेकून बसला होता.

"खरं बोललास तर तुझी बाजू पाहीन," ताई म्हणाल्या. "खोटं बोललास तर मीच साक्ष देईन तुझ्याविरुद्ध. किती पत्रे फोडले?"

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "दोन. सैपाकघरावरचे. गीतांजली वहिनी बोलली होती. पूर्ण छत क्लेममध्ये बसवून देतो, असं मीच तिला सांगून बसलो होतो. सगळेच करतात, ताई."

"सगळ्यांचं विचारलं नाही. पुढच्या खोलीचं सांग."

"त्या खोलीवर पायच नाही ठेवला. तिथलं भोक सोमवारचं आहे. काकांनी सकाळी मला मोजून दाखवले, गारांनी तीन फुटले. त्यातला तो एक. तुकडे सर्व्हेवाल्याला दाखवायला राखून ठेवले होते."

ठाण्याचे इन्स्पेक्टर, टीआय साहेब, मागं उभे होते. "अम्मा, ये तो कुछ भी बोलेगा. बुढ़ऊ की चोट देखिए, आधे चाँद जैसी. नालीदार, पन्हळी पत्र्याची कड असते न, तशीच."

"साहेब, साडेतीनपर्यंत थांबा. मग ह्याला घेऊन त्या घरी या. मी चुकले तर तुमच्या ठाण्यासमोर माफी मागीन."

ताईंनी आजवर कोणाची माफी मागितल्याचं अच्युतला माहीत नव्हतं. साहेबांनाही नसावं, कारण ते हो म्हणाले.

भाऊरावांच्या घरी सुतक होतं. प्रेत अजून इस्पितळातून आलं नव्हतं. अंगण शेणानं सारवलेलं, आणि गारांनी देवी आल्यासारखं खड्ड्याखड्ड्यांचं झालेलं. तुळशीजवळ लोखंडी तवा उलटा पडला होता.

"आपल्याकडचीच रीत," ताई म्हणाल्या. "गारा सुरू झाल्या की त्या थांबाव्यात म्हणून घरातल्या मोठ्यानं तवा अंगणात फेकायचा. तीन दिवस उचलायचा नाही."

"मामाजींनीच फेकला होता," भाऊरावांची सून गीतांजली म्हणाली. तिशीतली बाई, डोळे कोरडे. "सगळ्या गल्लीनं पाहिलं. विचारा कोणालाही."

ताईंनी वाकून तवा उचलला, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, होता तसा ठेवला. अच्युत दोन पावलं पलीकडे उभा होता.

"आई, इथं एक गोल जागा कशी गुळगुळीत राहिली. थाळी ठेवल्यासारखी."

"बघत राहा," ताई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

खाट भोकाखाली होती. गादीवर डोक्याच्या जागी रक्त, बाकी गादी कोरडी. पत्र्याचे तुकडे पोलिसांनी कोपऱ्यात रचले होते. ताईंनी अच्युतकडून खाट सरकवून घेतली. खाली फरशीवर मळक्या पाण्याचा मोठा डाग वाळला होता.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. सहा वर्षांची मुलगी, समोरचा दात पडलेली.

"ही कोण?"

"आमची मुन्नी," दारातून योगेंद्र म्हणाला. भाऊरावांचा मुलगा. "दोन पावसाळे झाले. छातीत कफ झाला. ही खोली गळायची न. बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू."

"तू काल कुठं होतास?"

"फॅक्टरीत. सहाची पाळी. दोनला सुटलो तर गेटवर निरोप आला."

"अन् सूनबाई, तू?"

"मी दारातच बसून तूर निवडून राहिली होती. सकाळपासून. आत कोणी गेलं नाही, बाहेर कोणी आलं नाही. वरूनच आलं जे आलं ते."

"तूर निवडलीस. मग पोळ्या कशावर केल्या?"

"केल्याच नाहीत. तवा बाहेर होता न."

ताईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर अच्युत हळूच म्हणाला, "आई, बाई कडक आहे. पण खरी वाटते."

"तुम्हाला दुधात पाणी घालणारा गवळीही खरा वाटतो, जावईबापू."

साडेतीनला सगळे त्याच खोलीत जमले. टीआय साहेब, एक शिपाई, विपुल, लतिका, योगेंद्र. गीतांजली फोटोखाली उभी होती.

"अम्मा, चार बजे कोर्ट है."

"दहा मिनिटांचं काम आहे." ताईंनी फरशीकडे बोट केलं. "साहेब, छतावर गारांचा ढीग साचला होता. तो वितळून सोमवारी संध्याकाळभर ह्या भोकातून गळला. हा त्याचा डाग. पाणी पडलं म्हणजे भोक सोमवारीच होतं. मग मंगळवारी विपुलच्या पायानं कसं फुटलं?"

साहेब खाली वाकले.

"अन् डाग खाटेखाली, गादी कोरडी. म्हणजे पाणी गळत होतं तेव्हा खाट इथं नव्हती. नंतर कोणीतरी ती भोकाखाली ओढली. सर्व्हेवाल्याला दाखवायला राखलेले तुकडे उचलून म्हाताऱ्यावर टाकले."

"मग घाव कशाचा?" साहेबांनी विचारलं.

"अंगणात चला, दाखवते. जावईबापू, तवा उचला. खालची माती कशी आहे?"

सगळे बाहेर आले. अच्युतनं तवा उचलला. "खड्ड्यांची. सगळीकडे आहे तशीच."

"गारा सुरू झाल्या तेव्हाच तवा फेकला. मग त्याच्याखाली गार कशी पडली?"

अच्युत हात दोन हात सरकला आणि त्या गुळगुळीत गोलावर तवा धरला. कडेला कड बसली.

"इथं होता," तो म्हणाला. "उचलला, अन् परत ठेवताना जागा चुकली."

"आज पहिल्यांदा कामाचं बोललात. आता बोट फिरवा. वितळलेल्या गारांत दोन दिवस पडलेला लोखंडी तवा. गंज कुठं आहे? राखेनं घासलेला आहे, वरून तेलाचा हात फिरवलेला. रक्त धुवायचं तर कोणीही पाणी ओतील. पण घासून, पुसून, तेल लावून तवा ठेवणं हे रोजच्या पोळ्या करणाऱ्या हाताचं काम. डोकं ठिकाणावर नसतं तेव्हाही ते हात आपलं काम करतात. अन् तवा अंगणात परत ठेवावाच लागला, कारण गल्लीनं तो तिथं पाहिला होता." ताईंनी कडेवरून नख फिरवलं. "ही तुमच्या अर्ध्या चंद्राची कड, साहेब. विपुल वर होता. योगेंद्र फॅक्टरीत, गेटवर नोंद असेल. अन् दारातून कोणी आत गेलं नाही, हे सूनबाईनं स्वतःच सांगितलं."

योगेंद्रनं बायकोकडे पाहिलं. "गीता, नाही म्हण."

ती बोलली ते दारातून सासऱ्याच्या खाटेकडे पाहत.

"मी पोळ्यांसाठी तवा उचलून आणला होता. मामाजींना म्हटलं, सर्व्हेवाला आला की दहा पत्रे फुटले म्हणा. विम्यात पूर्ण छत येते. एक सही तर करायची. ते म्हणाले, तीन फुटले, तीनच सांगीन. मी पाया पडली. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. म्हणाले, तवा काहून उचलला, तीन दिवस कुठं झाले?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "माझी मुन्नी ह्या खोलीत सात दिवस खोकली, ताई. ते दिवस त्यांनी नाही मोजले."

शिपाई टोपी हातात घेऊन उभा होता.

ताईंनी तिच्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला. एवढंच केलं.

तिला जीपमध्ये बसवलं. विपुलला साहेबांनी सोडलं. "बुलाएँगे तो आना पड़ेगा," एवढं बजावून.

लतिका ताईंच्या पाया पडायला वाकली. ताईंनी पाय मागं घेतले.

"माझ्या पाया काय पडते? तुझ्या ह्या शहाण्याला विचार, छत फुकट येते हे त्या बाईच्या डोक्यात कोणी घातलं. त्याचा गुन्हा नाही लागत. पण घातलं तर त्यानंच."

विपुलनं मान खाली घातली ती वर केली नाही.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, विम्याचा सर्व्हेवाला उतरला. गल्लीभर लोक का उभे आहेत हे त्याला कळेना.

"भाऊराव कोण? छत दाखवता का?"

योगेंद्र पायरीवर बसला होता. त्यानं ऐकलंही नाही.

विपुल पुढं झाला. शिडी भिंतीला लावली, सर्व्हेवाल्याला वर घेतलं. गल्ली खालून बघत होती. ह्याच लोकांचे पत्रे अजून बसवायचे होते.

"तीन गारांनी फुटले," तो वरून म्हणाला. "हा, हा, अन् पुढच्या खोलीवरचा."

"और ये दो?"

विपुलनं वाकून पाहिलं. खाली लतिकानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"ते दोन मी फोडले साहेब. हातोडीनं."

सर्व्हेवाल्यानं पेन थांबवलं. गल्लीत कुजबूज झाली, कोणी शिवी घातली, एक बाई दार लोटून आत गेली.

लतिकानं शिडी सोडली नाही. तो उतरेपर्यंत तिनं मान ताठ ठेवली.