नऊ सेकंद

धम्मदीपने आईसाठी बनवलेल्या लॉकेटमधली चिप जवळजवळ सदैव झोपलेली असायची. तशीच असावी लागते, नाहीतर सेल दोन दिवसांत संपतो. वरचं रबरी बटण दाबलं की ती जागी व्हायची, आई कुठे आहे ते त्याच्या फोनवर कळवायची आणि परत झोपायची.

त्याच्या आईला, प्रेमिलाबाईंना, नातवाचं नाव आठवत नसे, पण बटण पक्कं आठवे. जरीपटका वस्तीतल्या घरी स्वयंपाकघरात बसून दिवसातून चाळीसदा दाबायच्या. तो घाबरून फोन करायचा.

"काय झालं, माय?"

"काही नाही गा. जेवला का?"

ऑफिसात थट्टा व्हायची. "धम्मदीप, तुह्या मायनं बोलावलं बे, जाय लवकर!" एका रविवारी त्याने प्रोग्राम बदलला. बटण सलग दहा सेकंद धरलं तरच मेसेज जाणार. कमी धरलं तर चिप जागी होऊन सेकंद नोंदवणार आणि गुपचूप झोपणार. आईला त्याने हे सांगितलं. सांगितलं, एवढंच.

मार्चमध्ये इतवारीच्या बाजारात त्याची बायको मेघा कुकरचं झाकण बदलून घेत होती, तेवढ्यात सासूबाई गर्दीत दिसेनाशा झाल्या. मेसेज आला नाही.

तेविसाव्या दिवशी ओमप्रकाश नावाचा हातगाडीवाला भिंतीवर लावलेल्या ‘हरवल्या आहेत’ पत्रकातला फोटो पाहून लॉकेट घेऊन आला. "त्याच दिवशी संध्याकाळी नालीपाशी सापडलं, भाऊ. मले वाटलं खेळणं हाय. खोलीत खुंटीले टांगून ठेवलं होतं."

धम्मदीपने केबलने लॉकेट लॅपटॉपला जोडून नोंदी उघडल्या.

दिवस पहिला, दुपार. दोन सेकंद. एक. दोन. दोन. तीन. दोन.

पडदाभर तेच. तो टेबलावर डोकं टेकून बसला. मग त्याने पुढचं वाचलं.

दिवस नववा. सात सेकंद.

दिवस सतरावा. आठ.

दिवस बाविसावा. नऊ. नऊ. नऊ.

त्याने ओमप्रकाशला फोन लावला. "खोलीत कोणी बटण दाबत होतं का?"

"कोण दाबन, भाऊ? मी एकटाच राह्यतो. दिवसभर कुलूप राह्यते."

भर दुपार होती. कूलर घरघरत होता. लॉकेट टेबलावर, हात मांडीवर. पडद्यावर नवी ओळ आली.

नऊ.

"माय, अजून एक. सोडू नको."

मेघा दारात आली. "काहून एकटेच बोलून राहिले?"

त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. तिसऱ्या ओळीनंतर ती खाली बसली.

"दहाचं एक करा ना. तुमच्याच हातात हाय ते."

"नवा प्रोग्राम टाकाले आधीचा पुसा लागते, मेघा. अर्धा मिनिट चिपले काहीच कळत नाही. तेवढ्यातच तिनं दाबलं तर?"

दोन दिवस तो खुर्चीतून उठला नाही. अजून एकच सेकंद हवा होता.

नऊ. नऊ.

आठ.

पाच.

तीन.

"थकून राहिली ती," मेघा म्हणाली.

तेव्हा त्याने पुसलं. नवा प्रोग्राम चढला. आता नुसता स्पर्श पुरणार होता. अर्धं मिनिट गेलं. रिकाम्या यादीत पहिली ओळ उमटली.

बटण सोडलं.

दाबल्याची नोंद नव्हती. म्हणजे पुसणं चालू असताना कोणीतरी ते धरून ठेवलं होतं. किती सेकंद, ते मोजायला कोणी जागं नव्हतं.

त्यानंतर यादी हलली नाही.

मेघाने त्याची बाही ओढली. ती पडद्याकडे बघत नव्हती. लॉकेटच्या रबरावर अंगठ्याएवढा खळगा पडला होता. दोघं बघत असताना तो सावकाश भरत वर आला.