सरोवराकाठी वाहिलेलं टोपडं

हे घडलेलं आहे. जिच्या बाबतीत घडलं ती प्रतिभाताई माझी सख्खी चुलत बहीण. माहेर कवठे येमाईचं, सासर न्हावऱ्याचं. तिनं हे मला एकदाच सांगितलं. तेव्हा माझं बाळ तिच्या मांडीवर होतं, आणि सांगताना ती सारखी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

तुम्हाला पटेल, न पटेल. मला पटलं, कारण मी तिचा तो हात बघत होते.

साल दोन हजार सहा. नोव्हेंबरातला रविवार. ऊन चांगलं वर आलं होतं. जागा मात्र आपल्याकडची नाही.

जपानची.

ताईचा नवरा मच्छिंद्र शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात होता. कंपनीनं त्याला वर्षभरासाठी तिकडं पाठवलं आणि बायको-मूल न्यायला परवानगीही दिली. त्यांचा बिरदेव, म्हणजे घरातला बिरू, तेव्हा नुकता धरल्याशिवाय बसायला लागला होता.

निघताना सासऱ्यांनी, आबांनी, एकच चौकशी केली.

"तिकडं मेंढरं हायती का रं?"

"न्हाईत आबा."

"मंग कसला देश म्हणायचा त्यो!"

ते राहायचे ते गाव बिवा नावाच्या सरोवराच्या काठी होतं. दौंडच्या पुढं उजनीचं पाणी पसरतं, तेच प्रतिभाच्या लेखी जगातलं सगळ्यात मोठं पाणी. इथं पलीकडचा काठच दिसेना. सकाळी ते पाणी दुधी असायचं, दुपारी निळं, आणि दिवे लागायच्या वेळेला शाईसारखं काळं.

रविवारी तिघं भटकायला निघायची. बिरू तिच्या पोटाशी बांधलेला, मच्छिंद्रच्या पाठीवर डबा. हिकोनेचा किल्ला बघितला. आतला लाकडी जिना इतका उभा, की वर पोचल्यावर मच्छिंद्र धापा टाकत म्हणाला, "हितं शत्रू वर आला तरी लढायला दम कुठनं आणंल?" एका जुन्या व्यापारी गावात कालव्यातून होडीत बसून फिरले. दोन्ही बाजूंना काळ्या लाकडाची घरं, पाण्याला टेकलेली झाडं, आणि बिरू दिसेल त्याला "बब्बा... बब्बा..." करून हाक मारतोय.

होडीवाला हसायचा. सगळं गावच हसायचं त्याला बघून.

दिवस चांगले चालले होते.

मग सासूबाईंचा, साळूबाईंचा, फोन झाला.

हे घराणं मूळचं मेंढक्यांचं. आता ऊस आणि कांदा करतात, पण आबांच्या लहानपणी पावसाळा सरला की सगळा वाडा मेंढरं हाकत कोकणात उतरायचा. वाटेत नद्या. तान्हं मूल पहिल्यांदा मोठ्या पाण्यापलीकडं न्यायचं असलं, की काठावरच्या मावलायांना, म्हणजे पाण्यातल्या देवींच्या दगडांना, त्याचं टोपडं वाहायचं.

वापरातलं. न धुतलेलं.

मावलाया त्याचा वास घेतात, लेकरू ओळखतात आणि पलीकडं जाऊ देतात.

"वाहिलंस का टोपडं?" साळूबाईंनी विचारलं.

"आत्या, आम्ही विमानानं आलो. पाण्याला पायसुदिक लागला न्हाई." सासूला ती आत्या म्हणायची.

"विमान पाण्यावरनंच आलं ना? का समुद्र पुसून ठिवला हुता तुमच्यासाठी?"

"पण हितं मावलाया कुठं शोधू?"

"पानी हाय तितं त्या असत्यात. दिसत्याल तुला."

आणि पुढच्याच रविवारी त्या दिसल्या.

सरोवराच्या उत्तर टोकाला एक लहान गाव होतं. डोंगर थेट पाण्यात उतरलेला. वेशीवर गवतानं शाकारलेलं जुनं दार. अंगणाअंगणात पानं गळालेली झाडं आणि त्यांना लगडलेली केशरी फळं. गावाबाहेर लव्हाळ्याच्या कडेकडेनं पायवाट जात होती. झाडांवर काळे पाणकावळे पंख पसरून बसले होते.

पायवाट संपली तिथं, पाण्याच्या अगदी काठाला, दगड उभे होते.

गुडघ्याएवढे. ओळीनं. पाण्यानं गुळगुळीत झालेली तोंडं, मिटलेले डोळे. प्रत्येकाच्या गळ्यात लाल फडकं, काहींच्या डोक्यावर टोपडं. पायाशी गोट्यांवर गोटे रचलेल्या लहान लहान उतरंडी.

प्रतिभाचे डोळे भरून आले. इतक्या लांब, आपल्या मावलाया!

तिनं बिरूचं टोपडं सोडलं. तिच्या आईनं, गिताबाईनं, जुन्या मऊ लुगड्याचं शिवलेलं. त्याला तेलाचा, दुधाचा, घामाचा वास होता. पहिल्याच दगडाच्या डोक्यावर तिनं ते अलगद ठेवलं. नुसतं ठेवलं. बंद बांधले नाहीत.

"लेकराला सांभाळा," असं म्हणून हात जोडले.

आणि लव्हाळ्याची सळसळ थांबली...

वारा पडला असेल. पण तिच्या पोटाशी चाललेलं "बब्बा... बब्बा..." सुद्धा थांबलं.

तिनं वाकून बघितलं. बिरू जागा होता. डोळे उघडे. मान मागं वळवून तो पाण्याकडं बघत होता.

ते परत फिरले. थोडं चालले असतील, तेवढ्यात मागून...

टक्.

दगडावर दगड ठेवावा तसा आवाज.

तिनं मागं वळून बघितलं. कुणी नाही.

टक्...

"पाण्यानं गोटं हालत्यात," मच्छिंद्र म्हणाला.

पाणी आरशासारखं होतं. एक लाट नव्हती.

आगगाडीत बिरू सरोवराच्या बाजूच्या खिडकीकडे बघत राहिला. गाडीनं वळण घेतलं, सरोवर दुसऱ्या अंगाला गेलं. त्यानं मान तिकडं वळवली. मध्ये बोगदा लागला. अंधारातही मान तिकडंच.

त्या दिवसापासून बिरू रडला नाही.

लोक म्हणतील, बरंच झालं की. ज्या बाईनं मूल वाढवलंय तिला विचारा. घरात तान्हं मूल आहे आणि आवाज नाही. रडणं नाही, हसणं नाही, हुंकार नाही. छातीशी धरलं तर ओठ मिटलेले. चमच्यानं पेज घातली तर तेवढी गिळायचा, बस्स. तिचा पान्हा दाटायचा, पोलकं भिजायचं, आणि लेकरू तिच्याकडे असं बघायचं... एस.टी.त समोर बसलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं.

डॉक्टरनं तपासलं. कान ठीक, घसा ठीक, ताप नाही. वजन मात्र उतरायला लागलं होतं. हे असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, म्हणाला.

एका दुपारी ती त्याला मांडीवर घेऊन बसली होती. खोली दुसऱ्या मजल्यावर. खिडकी सरोवराकडे.

बाहेरून आवाज आला.

"बब्बा..."

प्रतिभाला वाटलं आपल्या मनाचा खेळ.

"बब्बा... बब्बा..."

बिरूचाच आवाज. तोच लाडिक हेल. खिडकीच्या काचेला लागून.

आणि मांडीवरच्या बिरूचे ओठ घट्ट मिटलेले.

तिनं खिडकी उघडली नाही. फोनकडे धावली.

साळूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एरवी त्या कुणाला बोलू देत नाहीत. त्या दिवशी मध्ये एक शब्द नाही.

"दगडाला हळदकुकू हुतं का?"

"न्हाई आत्या."

"हिरवी बांगडी? खण?"

"न्हाई. गळ्यात लाल लाळेरं हुतं समद्यांच्या."



"लाळेरं?" साळूबाईंचा आवाज बदलला. "आगं, मावलायांना लाळेरं कोन बांधल? त्या बायका हायती. लाळेरं लेकराला लागतं."

प्रतिभानं बंद खिडकीकडं बघितलं.

"ऐक. दिवसाउजेडी जा, टोपडं काढून आन. आन् काठावर हुभी ऱ्हाऊन पोराला हाक मार. नाव घिऊन. नुसतं बाळा-सोन्या म्हनू नगंस. नाव घे!"

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं रजा टाकली. सकाळच्या गाडीनं ते निघाले. उत्तरेला धुकं होतं. वेशीचं दार जवळ जाईपर्यंत दिसलं नाही.

दगड तसेच उभे होते. पहिल्या दगडाचं डोकं उघडं.

टोपडं नव्हतं.

ती एकेक दगड बघत गेली. लोकरीची टोपडी, विणलेली, उन्हानं विटलेली, कुजत आलेली. तिचं नाही. मच्छिंद्र म्हणाला, "वाऱ्यानं उडालं आसंल."

ते सापडलं शेवटच्या दगडावर. तो अर्धा पाण्यात होता.

टोपड्याचे बंद हनुवटीखाली बांधलेले होते. सुरगाठ मारून. आई बांधते तसे.

तिनं गाठ सोडली. सगळीकडं दवानं ओलं आणि गार. टोपड्याच्या आतली बाजू तेवढी... उबदार होती.

मागून कुणीतरी ओरडलं.

गावातली एक म्हातारी होती. हातात फळांची टोपली. ती टोपड्याकडं बघत होती, मग प्रतिभाच्या पोटाशी बांधलेल्या बिरूकडं. टोपली खाली ठेवून ती घाईघाईनं बोलायला लागली. मच्छिंद्रला कामापुरती भाषा यायची. तो ऐकत गेला आणि त्याचं तोंड उतरत गेलं.

"काय म्हणत्यात त्या?"

"चल हितनं."

"अहो, सांगा ना!"

"ही टोपडी..." त्यानं दगडांकडं बोट केलं. "गेलेल्या लेकरांची हायती. आया आणून घालत्यात. लेकराच्या अंगातलं. त्या वासावर ह्यो देव त्यांचं लेकरू हुडकून काढतो, आन् जवळ घेतो. ह्या गोट्यांच्या उतरंडी ती गेलेली लेकरंच रचत्यात, म्हणं."

प्रतिभानं हातातल्या टोपड्याकडं बघितलं.

म्हणजे तिनं आपल्या हातांनी जित्या लेकराचा वास दिला होता. घ्या म्हणून. सांभाळा म्हणून.

टक्.

धुक्यात, लव्हाळ्याच्या आत.

टक्... टक्...

बिरूनं तिकडं दोन्ही हात पसरले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि त्याचं अंग ढिलं पडायला लागलं. मान लुळी पडली. डोळे अर्धे मिटले.

प्रतिभा किंचाळली.

"ये बाळा! ये माझ्या सोन्या, आईकडं ये! ये!"

क्षणभर सगळं गप्प.

मग गोट्यांवर पावलं वाजली.

लहान पावलं. पळत येणारी. लव्हाळ्यातून... पलीकडच्या दगडांमागून... पाण्याच्या अंगानं...

एकाची नव्हती ती.

म्हातारीनं दोन्ही कान झाकून घेतले आणि खाली बसली. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"नाव घे!" मच्छिंद्र ओरडला. "आईनं काय सांगितलं? नाव घे!"

"बिरदेव! बिरदेव मच्छिंद्र! घरी चल रं बिरू!"

पावलं थांबली. एकदम. पायाशीच.

आणि तिच्या पोटाशी बांधलेलं लेकरू रडायला लागलं. टाहो फोडून. लाल होऊन, मुठी आवळून. मच्छिंद्र खाली बसला आणि तोही रडला. प्रतिभानं तिथंच, त्या थंड काठावर, पदराखाली घेतलं त्याला. तो असा पिला, की तिला वेदनेनं ओठ चावावे लागले.

निघताना तिनं एकदाच पाण्याकडं बघितलं. लव्हाळ्याच्या कडेला गोट्यांची एक लहानशी उतरंड होती. अजून ओली.

ती त्या वाटेनं आली तेव्हा तिथं नव्हती.

मुदत संपायच्या आतच ते परत आले. पुढं न्हावऱ्यात बिरू वाढला, शाळेत गेला. साळूबाई गावाला सांगत सुटल्या, सुनेनं परदेशातनं पोरगं ओढून आणलं. आबांनी बिरोबाला बोकड दिला. मच्छिंद्र तर त्या गोष्टीचं नावच काढत नाही.

"चांगला आहे की बिरू," मी ताईला म्हणाले. "आता कशाला जिवाला घोर?"

तिचा माझ्या बाळाच्या डोक्यावरचा हात थांबला.

"घाबरून गेले होते गं मी," ती म्हणाली. "पहिली हाक मारली ना, तेव्हा नाव घेतलंच नव्हतं. नुसतं बाळा म्हटलं. तिथं सगळीच बाळं. ती सगळीच धावली. मग नाव घेतलं. पण तोवर जो सगळ्यात पुढं होता..."



बाहेर अंगणात बिरू म्हशींना वैरण टाकत होता. शीळ घालत होता. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत राहिलो.

"तुला काय वाटतं ताई? तोच आहे ना?"

"आई असून मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "जो आला, तो लई भुकेला होता. मी पाजलं."